मगदूम बाईंचं मीठ

मगदूम बाईंनी आमच्या वर्गात परात पाडली तेव्हा मी दुसऱ्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर मेंदीची नक्षी काढत होते. बाई फळ्याशी नव्हत्या. "धडा मनात वाचा" असं सांगून त्या चपला काढून अनवाणी मागं गेल्या होत्या, आणि शेवटच्या बाकामागं उभं राहून त्यांनी घरून आणलेली पितळेची परात फरशीवर सोडून दिली. साठ मुली एकदम उडाल्या. कुणी किंचाळलं, कुणी शेजारणीला मिठी मारली, माझी शाईची रेघ पानाबाहेर जाऊन बाकावर उतरली. मुख्याध्यापक हातातला चहा सांडत धावत आले.

"काय झालं? काय पडलं?"

"काही नाही सर," बाई म्हणाल्या. "चेतासंस्था शिकवतोय."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'येतो, जातो, शिकवतो' असंच म्हणतात. बाई तर गडहिंग्लजच्या, जैन शेतकरी घरातल्या. त्यांच्या बोलण्यात कानडीचा हेलही होता. पुस्तकी मराठी त्या फक्त व्याख्या सांगताना वापरायच्या, तेही पाहुण्याला बसायला खुर्ची द्यावी तसं.

मुख्याध्यापक गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांनी छातीवर हात ठेवा. परात कधीच पडून गेली. आवाज थांबला. मग आत अजून कोण धडधडतंय?" आम्ही हात ठेवले. खरंच धडधडत होतं. "तुम्ही उडालात ती हाक. मज्जातंतूतनं गेली आणि विरली. आता जे चाललंय तो सांगावा. तो रक्तातनं गावभर फिरतोय. त्याला निवायला वेळ लागतो. हाक आणि सांगावा, या दोन गोष्टींवर सगळं शरीर चालतं. बाकी पुस्तकात आहे, वाचा."

मी पुढं विज्ञानाची शिक्षिका झाले ती त्या परातीमुळं, आणि नशीब असं की नोकरी त्याच मुलींच्या शाळेत लागली. दहावी अ बाईंकडं, दहावी ब माझ्याकडं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. माझी स्वतःची मुलगी दहावीला आली तरी बाई मला 'पोरी'च म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

बाई अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताच्या, कायम काठापदराचं सुती लुगडं आणि कानावर खडूचा तुकडा. खडू कानावर ठेवून त्या घरी जायच्या, बाजारात जायच्या, एकदा तशाच लग्नाला आल्या. लग्न केलं नव्हतं. शाहूपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. तरुणपणी क्षय होऊन बरा झाला होता, तेव्हा ठरलेलं लग्न मोडलं होतं म्हणे. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. शाळेचं स्नेहसंमेलन रंगात आलेलं असलं तरी त्या खिडकीतून आभाळाकडं बघायच्या आणि उठायच्या. "मी जातो गं. सूर्य थांबत न्हाय माझ्यासाठी."

मुलीला रागवायची वेळ आली तर बाई आधी तिचं मनगट धरायच्या. आम्हाला वाटायचं आता मारणार. त्या नाडी मोजायच्या. "शंभराच्या वर आहे. आता बोलून उपयोग नाही, तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही. दहा मिनिटं बाहेर बस, निवलीस की ये." स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक आणि क्लार्क सुट्टीच्या अर्जावरून एकमेकांच्या अंगावर गेले तेव्हाही त्यांनी मध्ये उभं राहून दोघांची मनगटं धरली होती. दोघंही पन्नाशीचे पुरुष, ओशाळे होऊन शाळेतल्या मुलींसारखे उभे राहिले. भांडण तिथंच संपलं.

संप्रेरकं शिकवताना त्या एसटीतला डबा सांगायच्या. त्या कोल्हापूरला शिकायला होत्या तेव्हा त्यांची अव्वा, म्हणजे आई, गडहिंग्लजहून एसटीत डबा ठेवून द्यायची. "गाडी निपाणीला थांबायची, कागलला थांबायची. सगळ्यांना वास यायचा. पण डबा उतरवून घेणारी मी एकटी. संप्रेरक असंच सगळ्या अंगातनं फिरतं, पण ज्याचा डबा आहे तोच अवयव तो उतरवून घेतो." दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, डब्यात काय असायचं?" आणि दरवर्षी उत्तर वेगळं असायचं. कधी धपाटी, कधी कडबू, कधी शेंगांची पोळी. मी एकदा पकडलं तर म्हणाल्या, "त्या त्या वर्षी मला जे खावंसं वाटतं ते सांगतो. तुला काय करायचंय?"

आणि फळ्यावरची ती आकृती. मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी छोटी अधिवृक्क ग्रंथी असते, तिला बाई फेटा म्हणायच्या. आधी पांढऱ्या खडूनं दोन मूत्रपिंडं काढायच्या, मग गुलाबी खडू घेऊन म्हणायच्या, "चला, आता यांना फेटे बांधू." उजवीकडचा टोकदार, डावीकडचा पसरट. तो फरक शरीरात खरोखरच असतो. एखाद्या वर्षी खुशीत असल्या तर शेमलाही सोडायच्या. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, अधिवृक्क ग्रंथी कुठं असते ते ती झोपेतून उठून सांगेल.

अश्विनीची गोष्ट सांगायलाच हवी. नववीतली मुलगी. वर्गात पेंगायची, हाक मारली तर सावकाश मान वळवायची, अंगानं सुटलेली, मार्चच्या उन्हात स्वेटर घालून बसायची. आम्ही सगळ्यांनी तिला आळशी ठरवून टाकलं होतं, मी सुद्धा. पालकसभेला तिचे वडील आले. उद्यमनगरात त्यांचं लेथचं काम. आल्या आल्याच म्हणाले, "बाई, लई आळशी हाय बगा ही. दोन रट्टे घातल्याबिगार उठतच न्हाय."

बाईंनी पोरीचा हात त्यांच्यासमोर धरला. "पावणं, जरा हात धरून बगा हिचा."

"का वो?"

"बगा तर."

"गार हाय की!"

"एवढ्या उन्हात गार. कातडी बगा, कशी खरखरीत झालीय. तुमच्या इंजिनाला गव्हर्नर असतोय का न्हाय?"

"असतोय की."

"त्यो बिघडला तर?"

"इंजिन दम टाकतंय. लोड घेत न्हाय."

"मग इंजिनाला रट्टे घालताय व्हय?"

 त्या माणसानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. गळ्यातली अवटू ग्रंथी मंदावली होती. तपासणी झाली, रोजची एक गोळी सुरू झाली, आणि दिवाळीपर्यंत अश्विनी वर्गात इतकी बडबडायला लागली की बाईंनीच तिला दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्यांदा बाहेर काढून स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांना पेढे वाटले. "शरीर कधी खोटं बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "काही मागत असलं तर आधी विचारायचं, का बाबा, का मागतोस? आपण विचारतच न्हाय. लगेच शिवी देतो, आळशी, हावरट."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी पेढा खात होते. आज ते आठवलं की माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही, कारण पुढं जे झालं ते याच वाक्याच्या उलट झालं, आणि ते आम्ही दोघींनी मिळून केलं.

गेल्या वर्षी बाईंना मिठाचं वेड लागलं. वेडच म्हणते मी, तेव्हाही आम्ही हाच शब्द वापरला. आधी डब्यातल्या आमटीत वरून मीठ घ्यायला लागल्या, मग ताकात, मग पेरूवर. नंतर पर्समध्ये मिठाची एक छोटी डबी आली. ऑफ तासाला त्या तळहातावर चिमूटभर मीठ घ्यायच्या आणि लहान पोरीसारख्या चाटायच्या. "बाई, रंकाळा खारट असता तर तुम्ही पिऊन टाकला असता," असं मी म्हणाले होते. सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. पण त्यांना लाज वाटायची, ते मला दिसत होतं. साखर, तूप, चमचमीत खाणं कशाचाही मोह नसलेली बाई, आणि मिठाच्या डबीवर हात जातो म्हणून स्वतःवरच चिडायची. "या वयात जीभ सुटली बघ माझी," असं त्या दोनतीनदा म्हणाल्या.

त्या काळवंडल्याही होत्या. दर रविवारी गडहिंग्लजला भावाच्या उसात जातात म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. उसात जाणाऱ्या माणसाच्या तळहाताच्या रेघा काळ्या होत नाहीत, हिरड्यांवर डाग पडत नाहीत. बाईंच्या रेघा शाईनं ओढल्यासारख्या दिसायच्या. मी त्या रोज बघत होते. पेपर तपासताना आमचे हात एकाच टेबलावर असायचे. ब्लाउज ढगळे झाले, जिना चढताना मध्ये थांबायला लागल्या, खुर्चीतून उठताना टेबल धरून क्षणभर डोळे मिटायला लागल्या. "वय झालं, पोरी. दोन वर्षांनी रिटायर होणार मी." मी हो म्हणाले. मी, विज्ञानाची शिक्षिका.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस. कुणी उपास करतं, कुणी एकवेळ जेवतं, आणि ज्याला उपास झेपत नाही तो एखादा पदार्थ सोडायचा नियम घेतो. नियम स्वतःच्या आवडीचा घ्यायचा. जे सोडणं जड जाईल ते सोडायचं. बाई दरवर्षी साखर सोडायच्या आणि मी त्यांना दरवर्षी चिडवायचे, की नावडत्या गोष्टीचा त्याग करून तुम्ही मोक्ष मिळवणार. त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी, शाळेच्या शेवटच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये आल्या, पर्समधली डबी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुझ्याकडं ठेव. मीठ सोडलं."

"दहा दिवस?"

"दहा दिवस. आता तरी चिडवू नकोस."

"हे जमलं तर मानलं, बाई!" असं मी म्हणाले, आणि डबी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, साध्वी माताजींनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की आजारी माणसानं नियम घेऊ नये. हे मला नंतर कळलं. बाईंची भावजय पर्वासाठी गडहिंग्लजहून आली होती, तिनं तिथंच विचारलं होतं, "वन्सं, तुमाला गरगरतंय न्हवं मधनंमधनं?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "मी कुठं आजारी हाय? जीभ सुटलीय नुसती."

मला सगळ्यात जास्त हादरवतं ते हे की त्याच आठवड्यात मी ब तुकडीला अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता पाठ करून घेत होते. त्यात अधिवृक्क ग्रंथीपुढं एक ओळ आहे, शरीरातल्या मिठाचा तोल राखण्याची. पन्नास मुली ती ओळ एका सुरात म्हणत होत्या. म्हणजे फेटा उतरला की शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही, ते वाहून जातं, आणि शरीर ओरडून ओरडून मीठ मागायला लागतं. हे मला माहीत होतं. बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं. आणि ती डबी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, किल्ली माझ्या पर्समध्ये.

पर्वाच्या सातव्या दिवशी, गौरीगणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा, मी ब तुकडीकडं जाताना अ च्या दारावरून गेले. फळ्यावर पांढऱ्या खडूनं काढलेली दोन मूत्रपिंडं होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पंचवीस वर्षांत मी त्यांना वर्गात बसलेलं पाहिलं नव्हतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, फेटे?" बाईंनी मान हलवली. "फेटे उद्या बांधू." मग त्यांना मी दारात दिसले. त्यांनी 'जा जा, तास सुरू झाला' अशा अर्थानं हात हलवला, काळ्या रेघांचा तळवा माझ्याकडं करून. मी हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. "पित्त झालंय," भावजय फोनवर म्हणाली. संध्याकाळी मी घरी गेले. उलट्या होत होत्या, पोटऱ्यांत गोळे येत होते. भावजयीनं लिंबूपाणी केलं होतं, त्यात चिमूटभर मीठ घालायला ती काकुळतीला आली होती. "वन्सं, एक चिमूट. देव बगत न्हाय."

"देव न्हाय, मी बगतोय की," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन दिवस राहिलेत."

मी त्यांच्या उशाशी बसले होते. "घ्या की बाई" असं मी एकदा म्हणाले, पाहुणी म्हणून म्हणावं तसं. जोर लावला नाही. उलट मनात कुठंतरी कौतुक होतं. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं, सवयीनं, आणि थोडा वेळ मोजत राहिल्या. "तुझी बरी आहे," म्हणाल्या. त्यांची मी मोजली नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाई मोरीपाशी पडल्या. भावजयीचा फोन आला तशी मी धावले. रस्त्यात मंडळांचे मांडव, रिक्षा वळसे घेत घेत दवाखान्यात पोचली. तिथला डॉक्टर अगदी तरुण होता, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाचा. त्यानं रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. मग बाईंचा हात उलटा करून तळवा उजेडात धरला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, आणि आमच्याकडं वळून विचारलं, "या मीठ फार खायच्या का?"

 त्यानं अजून काहीही सांगितलं नव्हतं, आणि मला सगळं कळलं होतं. डबी, तळवे, हिरड्या, टेबल धरून मिटलेले डोळे, सगळं एका ओळीत उभं राहिलं, आणि ती ओळ मी पाठ करून घेतली होती.

"आधी लई खायच्या," भावजय म्हणाली. "आता नऊ दिस झालं, बंद केलंय."

"बंद? कुणी सांगितलं बंद करायला?"

"त्यांनीच सोडलं की. पर्व हाय न्हवं आमचं."

 डॉक्टरनं विचारलं, कधी क्षय झाला होता का. मी हो म्हणाले. तो क्षय जुन्या काळी त्या ग्रंथींत जाऊन बसला असणार, म्हणाला, आणि आता त्या हळूहळू सुकत गेल्या. बरेच महिने चाललं असेल. कळलं असतं तर अश्विनीसारखंच, रोजच्या गोळ्यांवर चाललं असतं. हे तो घाईघाईनं बोलत होता, कारण इंजेक्शनं सुरू झाली होती, दोन्ही हातांना सलाईन लागलं होतं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच. बाईंच्या अंगात मीठ शेवटी गेलं ते असं, त्यांना न विचारता. दुपारी दोनच्या सुमारास त्या गेल्या. कानामागं खडूची पांढरी रेघ तशीच होती.

मी रडले नाही. बाकावर बसून छातीवर हात ठेवला. तासभर, दोन तास, धडधड निवली नाही. आजही मध्येच कुणी सहज 'जरा मीठ दे गं' म्हणालं की ती सुरू होते. एवढी मोठी बाई, माणसाकडं नुसतं बघून आतलं ओळखणारी, आणि तिचं स्वतःचं शरीर महिनोन्महिने तिच्या तळहातावर मीठ मागत होतं. तिनं त्याला हावरट म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या. याला काय म्हणायचं ते मला अजून समजलेलं नाही.

अनंत चतुर्दशी झाली, शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी अ तुकडीही माझ्याकडं दिली. मी वर्गात गेले तर फळा कुणी पुसला नव्हता. दोन पांढरी मूत्रपिंडं, तशीच, बोडकी. मुलींनीच पुसू दिला नव्हता.  मी गुलाबी खडू घेतला. उजवीकडं टोकदार फेटा काढला, डावीकडं पसरट. डावीकडचा वाकडाच झाला.

पहिल्या बाकावरची तीच मुलगी उठून उभी राहिली. "बाई, ही ग्रंथी बंद पडली तर बाहेरनं कळतं का?"

सकाळीच ड्रॉवरचं कुलूप उघडून पर्समध्ये टाकलेली ती डबी मी काढली आणि टेबलावर ठेवली.

"कळतं," मी म्हणाले. "माणूस मीठ मागतं."